पंचानन माहेश्वरी : बीजांडात डोकावणारा शिक्षक

बारावीच्या एनसीईआरटीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात 'प्रजनन' हा विभाग सुरू होतो तिथे एका भारतीय शास्त्रज्ञाचा फोटो आणि अर्ध्या पानाचा परिचय आहे. नाव पंचानन माहेश्वरी. जन्म १९०४, मृत्यू १९६६. आपण ते पान उलटतो आणि थेट परागकोशाच्या आकृतीवर जातो. परीक्षेत त्यावर प्रश्न येत नाही, मग थांबायचं कशाला? मुलंही विचारत नाहीत, आपणही सांगत नाही.

पण त्याच पुस्तकात पुढे जैवतंत्रज्ञानाचा धडा येतो. बीटी कापूस येतो, ॲग्रोबॅक्टेरियम येतो, ऊती संवर्धन येतं. एखादा हुशार मुलगा विचारतो, "सर, जनुक तर एका पेशीत गेलं, मग अख्खं झाड कसं झालं?" या प्रश्नाचं उत्तर द्यायला लागलं की आपल्याला त्या न वाचलेल्या पानाकडे परत यावं लागतं. म्हणून आजचा हा पाठ त्या पानावरच्या माणसाबद्दल.

जयपूरचा मुलगा, अलाहाबादचे सर

पंचानन माहेश्वरी यांचा जन्म ९ नोव्हेंबर १९०४ रोजी जयपूरला झाला. पुढच्या शिक्षणासाठी ते अलाहाबादला गेले. तिथल्या युइंग ख्रिश्चन कॉलेजमध्ये त्यांना विनफिल्ड डजन नावाचे अमेरिकन प्राध्यापक भेटले. डजन मिशनरी होते आणि वनस्पतिशास्त्र शिकवत. वनस्पतीच्या रचनेचा अभ्यास म्हणजे नावं पाठ करणं नव्हे, तर झाडाकडे नीट बघायला शिकणं, हे या मुलाला त्यांच्याकडून मिळालं. १९२७ मध्ये एम.एस्सी. आणि १९३१ मध्ये अलाहाबाद विद्यापीठाची डी.एस्सी., अशी त्यांची वाटचाल झाली.

या गुरु-शिष्यांची एक गोष्ट सांगितली जाते. आपला विद्यार्थी आपल्या पुढे गेला तर आपल्याला फार समाधान वाटेल, असं डजन सर एकदा बोलून गेले. ते ऐकून पंचाननने त्यांना विचारलं की तुमच्यासाठी मी काय करू, तुमचं हे ऋण कसं फेडू. त्यावर सरांनी सांगितलं की माझ्यासाठी काही करायची गरज नाही. मी तुझ्यासाठी जे केलं तेच तू तुझ्या विद्यार्थ्यांसाठी कर.

आपल्यापैकी बहुतेकांना असं कुणीतरी कधीतरी सांगितलेलं असतं. ऐकताना बरं वाटतं आणि मग माणूस कामाला लागतो, विसरून जातो. माहेश्वरी विसरले नाहीत. त्यांचं पुढचं सगळं आयुष्य या एका वाक्याचा हिशोब आहे असं म्हटलं तरी चालेल.

दिसत नाही ते बघायचं

त्यांनी अभ्यासाला विषय निवडला तो सपुष्प वनस्पतींचं भ्रूणविज्ञान. म्हणजे काय, तर फुलाच्या अंडाशयात बीजांड असतं, बीजांडात भ्रूणकोष असतो, त्यात अंडपेशी असते. परागनलिका तिथवर येते, फलन होतं, भ्रूण तयार होतो, त्याच्याभोवती भ्रूणपोष वाढतो आणि शेवटी बी होतं. हे सगळं डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी चालतं. ते बघायचं तर कळ्या आणि फुलं वेगवेगळ्या वयाची गोळा करायची, रसायनात टिकवायची, अल्कोहोलमधून नेऊन त्यातलं पाणी काढायचं, मेणात बसवायची, मायक्रोटोमवर कागदाहून पातळ काप घ्यायचे, ते रंगवायचे आणि मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचं. एका कापात हवी ती अवस्था सापडेलच असं नाही. शेकडो काप बघावे लागतात. घाई करणाऱ्या माणसाचं हे काम नाही.

बहुतेक वनस्पतींत भ्रूणकोषात सात पेशी आणि आठ केंद्रकं असतात, हे आपण वर्गात शिकवतो. पण 'बहुतेक' म्हणजे 'सगळ्या' नव्हे. काहींत चारच केंद्रकं असतात, काहींत सोळा. कोणत्या कुलात कोणता प्रकार, हे नीट तपासून मांडण्यात माहेश्वरींनी अनेक वर्षं घातली. जुन्या लेखांतल्या चुका शोधल्या आणि पुन्हा काप घेऊन त्या दुरुस्त केल्या.

याचा उपयोग काय, असं कुणीही विचारेल. आपल्या ओळखीचं उदाहरण घेऊ. उपवासाचा शिंगाडा पूर्वी ऑनाग्रेसी या कुलात धरला जायचा. त्या कुलाची खूण अशी की भ्रूणकोष चार केंद्रकांचा असतो. शिंगाड्याचा भ्रूणकोष मात्र आठ केंद्रकांचा निघाला. बाकीही फरक होतेच. म्हणून शिंगाड्याचं कुल वेगळं मानावं याला बळ मिळालं. बाहेरून सारखी दिसणारी झाडं आतून वेगळी असू शकतात, आणि वर्गीकरण करताना आतली साक्षही काढली पाहिजे, हा आग्रह माहेश्वरींनी जगभर पोचवला.

आग्रा, ढाका, दिल्ली

१९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ते आग्रा कॉलेजात शिकवू लागले. पुढे १९३९ मध्ये ढाका विद्यापीठात गेले आणि साधारण दहा वर्षं तिथे राहिले. याच काळात फाळणी झाली. १९४९ मध्ये दिल्ली विद्यापीठाचे त्या वेळचे कुलगुरू सर मॉरिस ग्वायर यांनी त्यांना दिल्लीला बोलावलं आणि वनस्पतिशास्त्र विभाग त्यांच्याकडे सोपवला.

पुढच्याच वर्षी, १९५० मध्ये, त्यांचं सपुष्प वनस्पतींच्या भ्रूणविज्ञानावरचं पुस्तक न्यूयॉर्कहून प्रसिद्ध झालं. हे पुस्तक पुढे जगभरच्या विद्यापीठांत वापरलं गेलं. १९५१ मध्ये वनस्पतींच्या रचनाशास्त्राला वाहिलेलं 'फायटोमॉर्फोलॉजी' हे आंतरराष्ट्रीय नियतकालिक त्यांनी दिल्लीतून सुरू केलं. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशातून आंतरराष्ट्रीय दर्जाचं नियतकालिक चालवायचं, परदेशी शास्त्रज्ञांचे लेख मिळवायचे, हे सोपं नव्हतं.

इथवर कुणी थांबला असता तरी चाललं असतं. पन्नाशी जवळ आलेली, जगात नाव झालेलं, पुस्तक गाजलेलं. पण माहेश्वरींना एक गोष्ट खुपत होती. आपण फक्त बघतो आहोत. कापून, रंगवून, मेलेल्या पेशी बघतो आहोत. बीजांडात जे घडतं ते आपण बाहेर, काचेच्या नळीत, घडवून आणू शकतो का?

नळीतलं झाड

इथे थोडं मागे जायला हवं. १९०२ मध्ये गॉटलीब हाबरलांट या शास्त्रज्ञाने पानातल्या पेशी सुट्या करून पोषक द्रावणात वाढवून बघितल्या. त्याचा अंदाज असा होता की झाडाच्या प्रत्येक जिवंत पेशीत अख्खं झाड घडवण्याची क्षमता असली पाहिजे. यालाच आपण आता टोटीपोटन्सी म्हणतो. त्याच्या पेशी काही आठवडे जगल्या, मोठ्याही झाल्या, पण एकीचंही विभाजन झालं नाही. कल्पना बरोबर होती, पण पेशींना काय खायला द्यायचं आणि कोणती पेशी निवडायची हे तेव्हा माहीत नव्हतं.

पुढे हळूहळू एकेक गोष्ट कळत गेली. १९४१ मध्ये अमेरिकेत धोत्र्याचे अगदी कोवळे भ्रूण वाढवताना नारळाचं पाणी माध्यमात घातलं, तेव्हा ते वाढले. कारण नारळाचं पाणी म्हणजे पातळ भ्रूणपोषच, भ्रूणाला पोसणारं निसर्गाचं अन्न. १९५७ मध्ये स्कूग आणि मिलर यांनी दाखवलं की ऑक्सिन आणि सायटोकायनिन या दोन संप्रेरकांचं प्रमाण बदललं तर त्याच ऊतीला कधी मुळं फुटतात, कधी कोंब फुटतात. १९६२ मध्ये मुराशिगे आणि स्कूग यांचं माध्यम आलं. आजही जळगावच्या केळीची टिश्यू कल्चर रोपं ज्या प्रयोगशाळांत वाढतात, तिथे या माध्यमाची बाटली दिसतेच.

माहेश्वरींनी दिल्लीच्या विभागाला याच वाटेवर नेलं. कोवळे भ्रूण, बीजांडं, अंडाशय, परागकोश हे सगळं कृत्रिम माध्यमावर वाढवायचं. भ्रूणविज्ञानाचा वीस-पंचवीस वर्षांचा अनुभव पाठीशी असल्याने कोणत्या दिवशी कोणत्या फुलात आत काय चाललेलं असतं हे त्यांच्या लोकांना अचूक माहीत होतं. दुसरीकडे ऊती संवर्धन करणाऱ्या अनेकांकडे हे ज्ञान नव्हतं.

यातून जे निघालं ते थोडक्यात असं.

पहिलं, अंडाशयांतर्गत परागण. परागकण कुक्षीवर पडतो, पण कधीकधी कुक्षी त्याला नाकारते. मग दोन जातींचा संकर होतच नाही. दिल्लीत खसखशीच्या कुळातल्या झाडांवर परागकण बोरिक ॲसिडच्या सौम्य द्रावणात मिसळून इंजेक्शनच्या सुईने थेट अंडाशयात सोडले. कुक्षीचा दरवाजाच टाळला. बी तयार झालं.

दुसरं, परीक्षानळीतलं फलन. १९६२ मध्ये कुसुम कांता, रंगस्वामी आणि माहेश्वरी यांनी अफूच्या झाडाची बीजांडं अंडाशयातून बाहेर काढून माध्यमावर ठेवली, त्यांच्यावर परागकण टाकले आणि तिथेच फलन होऊन बिया तयार झाल्या. सपुष्प वनस्पतीचं फलन झाडाबाहेर होऊ शकतं, हे सिद्ध झालं.

तिसरी गोष्ट तर कुणी ठरवून केलेलीही नव्हती. विभागातल्या सिप्रा गुहा आणि सतीशचंद्र माहेश्वरी हे धोत्र्याच्या एका जातीचे परागकोश माध्यमावर वाढवत होते. त्यातून त्यांना भ्रूण बाहेर येताना दिसले. हे भ्रूण परागकोशाच्या भिंतीतून आले असतील अशी शंका कुणालाही येईल. १९६४ मध्ये पहिला लेख आला आणि १९६६ मध्ये हे भ्रूण परागकणांतूनच येतात हे दाखवणारा दुसरा. परागकणात गुणसूत्रांचा एकच संच असतो. धोत्र्याच्या साध्या पेशीत २४ गुणसूत्रं, परागकणात १२. म्हणजे ही रोपं एकगुणित होती. अशा रोपाची गुणसूत्रं दुप्पट केली की एका फटक्यात शुद्ध वाण मिळतो. साध्या पद्धतीने यासाठी पाच-सहा पिढ्या स्वपरागण करत बसावं लागतं. लगेच फ्रान्समध्ये तंबाखूत आणि जपानमध्ये भातात हेच करून बघितलं गेलं.

गंमत बघा. जगातल्या लोकांना वाटत होतं की परागकण म्हणजे फक्त नर पेशी वाहून नेणारं पाकीट. धोत्र्याने दाखवलं की योग्य वेळी, योग्य अन्न दिलं तर त्याचंही झाड होतं.

मग जनुकं कुठे आली यात?

हे स्पष्ट सांगायला हवं की माहेश्वरींनी झाडात परकं जनुक कधी घातलं नाही. १८ मे १९६६ रोजी वयाच्या ६१ व्या वर्षी ते गेले. आदल्याच वर्षी, १९६५ मध्ये, लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना फेलो म्हणून निवडलं होतं. झाडात परकं जनुक घालून ते टिकवण्याचे पहिले यशस्वी प्रयोग १९८३ मधले, म्हणजे त्यांच्या नंतर सतरा वर्षांनी.

पण ते प्रयोग कुठे अडले हे बघितलं की माहेश्वरींचं काम समजतं.

ॲग्रोबॅक्टेरियम हा मातीतला जीवाणू आपल्या डीएनएचा एक तुकडा झाडाच्या पेशीत घालतो. शास्त्रज्ञांनी त्या तुकड्यातली गाठ आणणारी जनुकं काढली आणि हवं ते जनुक ठेवलं. तंबाखूत हे पटकन जमलं. आता सगळ्या पिकांत जमेल असं वाटलं. पण गहू, भात, मका ही तृणधान्यं काही केल्या दाद देईनात. कापसातही तेच.

अडचण दोन ठिकाणी होती. एक, जनुक पेशीत पोचवणं. दुसरी, ज्या पेशीत जनुक पोचलं त्या पेशीपासून अख्खं झाड उभं करणं. शंभर तुकडे घेतले आणि त्यातून जनुक बसलेली, स्वतंत्र, सुपीक झाडं किती मिळाली, हा जनुक संक्रमणाचा खरा हिशोब. यालाच कार्यक्षमता म्हणतात. जनुक नव्वद पेशींत शिरलं पण त्यातल्या एकीचंही झाड झालं नाही, तर कार्यक्षमता शून्य. वर्गात हे असं सांगा : पत्र पेटीत पडलं म्हणजे पोचलं असं नाही.

पहिल्या अडचणीवर बरेच उपाय निघाले. जखम झालेल्या झाडातून ॲसिटोसिरिंगोन नावाचं रसायन बाहेर पडतं आणि त्यामुळे ॲग्रोबॅक्टेरियम जागा होतो, हे १९८५ मध्ये कळलं. मग तेच रसायन माध्यमात वरून घालायला सुरुवात झाली. १९८७ मध्ये सोन्या-टंगस्टनसारख्या धातूच्या बारीक कणांवर डीएनए लावून पेशींवर झाडणारी जीन गन आली. म्हणजे दार उघडायच्या चाव्या मिळाल्या.

दुसरी अडचण मात्र चाव्यांची नव्हती. गव्हाच्या पानातली पेशी आपलं आयुष्य ठरवून बसलेली असते, ती पुन्हा झाड व्हायला तयारच होत नाही. तेव्हा प्रश्न असा आला की तृणधान्याच्या शरीरात अजून न ठरवलेल्या, कोवळ्या पेशी कुठे सापडतील.

एका विद्यार्थ्याचं उत्तर

या प्रश्नावर ज्यांनी आयुष्य घातलं त्यांच्यापैकी एक म्हणजे इंद्र वासिल. त्यांनी दिल्लीला माहेश्वरींच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. केली होती. परागकोश वाढवण्याचे त्यांचे सुरुवातीचे प्रयोग कांद्यावर होते. पुढे ते अमेरिकेत गेले. १९६५ मध्ये त्यांनी हिल्डेब्रांट यांच्याबरोबर तंबाखूची एकच सुटी पेशी वेगळी ठेवून तिच्यापासून संपूर्ण झाड वाढवलं. हाबरलांटने १९०२ मध्ये जे बघायची आशा धरली होती ते त्रेसष्ट वर्षांनी असं डोळ्यांसमोर आलं. आपल्या विद्यार्थ्याचं हे काम माहेश्वरी हयात असताना प्रसिद्ध झालं.

मग वासिल फ्लोरिडा विद्यापीठात गवतवर्गीय पिकांकडे वळले. पानातल्या पेशी ऐकत नाहीत ना, मग कोवळ्या, अपक्व भ्रूणापासून सुरुवात करू, हा मार्ग त्यांच्या गटाने पद्धतशीरपणे उभा केला. अपक्व भ्रूणापासून येणारा कॅलस असा असतो की त्यातून पुन्हा भ्रूणासारख्या रचना आणि त्यांतून रोपं तयार होतात. या कॅलसवर जीन गन चालवून त्यांच्या गटाने १९९२ मध्ये जनुक बसवलेला, तणनाशक सहन करणारा, बी धरणारा गहू तयार केला. असा गहू जगात पहिलाच. १९९४ मध्ये जपानच्या शास्त्रज्ञांनी भातातही भ्रूणाच्या खवल्यापासून आलेला कॅलस आणि ॲसिटोसिरिंगोन वापरून ॲग्रोबॅक्टेरियमने जनुक घालण्याची भरवशाची पद्धत दिली.

आता परत आपल्या पाठ्यपुस्तकातल्या त्या अर्ध्या पानावर या. तिथे एक वाक्य आहे की अपक्व भ्रूण कृत्रिम माध्यमावर वाढवण्याचं काम सुरू व्हावं असा माहेश्वरींचा आग्रह होता. आपण ते वाक्य वाचून पुढे गेलेलो असतो. गव्हाचं कुलूप ज्या किल्लीने उघडलं ती किल्ली त्या वाक्यात आहे.

अजून एक. मोहरीच्या कुळातलं ॲराबिडॉप्सिस हे छोटं झाड प्रयोगशाळेत फार वापरतात. त्यात जनुक घालायला आता ऊती संवर्धन लागतच नाही. फुलोरा ॲग्रोबॅक्टेरियमच्या द्रावणात, त्यात थोडी साखर आणि फेस येणारं द्रव्य घालून, बुडवायचा. १९९८ मध्ये सोपी केलेली ही रीत. मिळालेल्या शंभर बियांमागे साधारण एक-दोन बिया जनुक घेऊन येतात. जीवाणू नेमका कुठे जनुक घालतो हे शोधलं तेव्हा कळलं की कोवळ्या फुलातल्या बीजांडात, मादी प्रजननपेशींच्या घडणीच्या जागी. म्हणजे ज्या अंधाऱ्या कोपऱ्यात माहेश्वरी तीस वर्षं डोकावत राहिले, तिथेच.

आपल्या कापसाची गोष्ट

महाराष्ट्रातल्या पालकांना हे सगळं दूरचं वाटायला नको. विदर्भ-मराठवाड्यातल्या बीटी कापसाचंच घ्या. ते जनुक मुळात आपल्या वाणात घातलं गेलं नाही. ते घातलं कोकर-३१२ नावाच्या अमेरिकन वाणात. का? तो वाण सगळ्यात जास्त उत्पन्न देणारा होता म्हणून नव्हे, तर ऊती संवर्धनात त्याच्या कॅलसपासून झाड तयार होतं म्हणून. बाकीचे बहुतेक वाण तेव्हा झाड द्यायलाच तयार नव्हते. मग जालन्याच्या महिको कंपनीने ते जनुक पुन्हापुन्हा संकर करून भारतीय वाणांत आणलं आणि २००२ मध्ये देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली. जनुक कोणत्या वाणात बसवायचं हे शेतकऱ्याच्या गरजेने ठरलं नाही, पेशीच्या तयारीने ठरलं. बीटी कापसाबद्दल मतं वेगवेगळी असू शकतात, आणि असावीत. पण ही गोष्ट मुलांना सांगितली की कार्यक्षमता हा शब्द कोरडा राहत नाही.

ही अडचण अजूनही पूर्ण सुटलेली नाही. २०१६ मध्ये मक्यावर काम करणाऱ्यांनी भ्रूण घडवणारी बेबी बूम आणि वुशेल ही दोन जनुकं पेशीत काही काळ चालू ठेवली, तेव्हा पूर्वी अजिबात दाद न देणारे वाणही रोपं देऊ लागले. या दोन्ही जनुकांची कामं कुठली, तर भ्रूण आणि वाढीचं टोक घडवण्याची. शेवटी पुन्हा भ्रूणापाशीच.

शाळेसाठीचं पुस्तक

माहेश्वरींचं एक काम आपल्या धंद्याशी थेट जोडलेलं आहे. आंतरराष्ट्रीय कीर्तीचा माणूस आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत काय करत होता? उच्च माध्यमिक शाळांसाठी जीवशास्त्राचं पाठ्यपुस्तक. एनसीईआरटीचं हे पहिलं जीवशास्त्राचं पुस्तक त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झालं आणि १९६४ मध्ये आलं. म्हणजे ज्या वर्षी त्यांच्या विभागातून धोत्र्याच्या परागकोशाचा लेख निघाला, त्याच वर्षी त्यांच्या नावाचं शाळेचं पुस्तक मुलांच्या हातात पडलं.

संशोधन मोठं की शाळेचं पुस्तक मोठं, असा प्रश्न त्यांना पडला नसावा. डजन सरांना दिलेल्या शब्दात दोन्ही बसत होतं. त्यांच्या नावावर एक बुरशी आहे, आयसोएटिस नावाच्या वनस्पतीची एक जात आहे, रॉयल सोसायटीची फेलोशिप आहे. पण त्यांची खरी मालमत्ता म्हणजे दिल्लीहून जगभर गेलेले विद्यार्थी, आणि त्यांच्यातले काही त्यांच्याही पुढे गेले. डजन सरांनी समाधान म्हटलं होतं ते हेच.

आपण शिक्षक मंडळी पुष्कळदा दमतो. मुलं लक्ष देत नाहीत, अभ्यासक्रम संपत नाही, निकालाचे आकडे वर मागतात. आपण शिकवलेलं पुढे कुठे गेलं हे आपल्याला बहुधा कळतही नाही. डजन सरांनाही अलाहाबादच्या त्या वर्गात शिकवताना गव्हाच्या जनुकाचा विचार शिवला नसणार. त्यांनी एका मुलाला झाडाकडे बघायला शिकवलं. बाकीचं त्या मुलाने आणि त्याच्या मुलांनी केलं.

वर्गात करून बघण्यासारखं

१. पानफुटीचं एक पान ओल्या मातीवर ठेवा. आठ-पंधरा दिवसांत कडेच्या खाचांतून रोपं येतील. त्याच्याच शेजारी आंब्याचं पान ठेवा. काही येणार नाही. दोन्ही पानांच्या पेशींत झाडाची पूर्ण माहिती आहे, मग फरक का, हे मुलांना विचारा. लगेच उत्तर सांगू नका.

२. हरभऱ्याचा किंवा मक्याचा भिजवलेला दाणा उघडून भ्रूण आणि अन्नाचा साठा वेगळा दाखवा. हरभऱ्यात अन्न डाळिंब्यांत असतं, मक्यात भ्रूणपोषात. भ्रूणाला अन्न कुठून मिळतं यावरून नारळाच्या पाण्याची गोष्ट सांगा.

३. जास्वंदीचं फूल उभं कापून अंडाशय आणि त्यातली बीजांडं भिंगातून दाखवा. धोत्रा विषारी आहे, तो वर्गात आणू नका, चित्र दाखवा.

४. बारावीच्या मुलांना कोष्टक करायला सांगा : जनुक पेशीत पोचवणं, जनुक बसलेली पेशी निवडणं, तिच्यापासून झाड वाढवणं. कोणत्या पायरीवर कोणती अडचण आणि कोणता उपाय, हे त्यांनीच भरावं.

आणि पुस्तकातलं ते फोटोचं पान या वेळी उलटू नका. पाच मिनिटं थांबा. परीक्षेला नाही येणार, पण त्या पानावरचा माणूस कुणाचा तरी विद्यार्थी होता आणि कुणाचा तरी शिक्षक, एवढं मुलांना कळलं तरी पुष्कळ झालं.